कपातल्या रेघा

मागच्या वर्षी लेकीने मला पुण्यात एका कॉफीच्या दुकानात नेलं. खुर्च्या अशा खोल, की बसल्यावर उठायला दुसऱ्याचा हात लागावा. काउंटरमागच्या माणसाने दुधाचं भांडं कपावर तिरकं धरलं, मनगट जरासं हलवलं आणि कॉफीवर पांढरं पान उमटलं. लेकीला वाटलं, आता आईचे डोळे विस्फारणार. "याला लाटे आर्ट म्हणतात," ती म्हणाली. मी म्हटलं, "हे मी जालन्याला स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये अकरा वर्षं प्यायलेय. कुकरच्या वाफेवरचं." ती नुसतं "हो का?" म्हणाली, म्हणजे तिने विश्वास ठेवला नाही. कॉफी संपली तसा मी सवयीने कप उचलला आणि आत डोकावले.

"आई, काय बघतेस? लोक बघतायत आपल्याकडे."

काय बघते ते सांगायचं तर हिवाळेबाईंपासून सुरुवात करावी लागेल, आणि त्यात माझी एक लबाडी येते. ती आधीच सांगून टाकते. हिवाळेबाईंनी मला पहिल्यांदा करून दिलेली कॉफी मी मोरीत ओतली होती.

सुलोचना हिवाळे आमच्या बियाण्यांच्या कंपनीत उगवण तपासायच्या. मी लग्न होऊन धावड्याहून, म्हणजे माझ्या माहेरच्या गावाहून, नवीन जालन्यात आले आणि सहा महिन्यांत त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये लागले. लॅब म्हणजे दोन खोल्या, ओल्या कागदाचा वास आणि आवाज जास्त, वारा कमी असा एक पंखा. नमुन्यातलं बी मोजून ओल्या कागदावर ओळीने मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची आणि ठरलेल्या दिवशी ती उलगडून किती उगवलं ते बघायचं. हे काम माणसाला संशयी करतं, की मुळात संशयी माणसंच या कामाला लागतात, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाईंच्या बाबतीत दोन्ही खरं असावं.

बुटक्या, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी. चष्मा होता, पण काही निरखून बघायचं असलं की त्या चष्म्याच्या वरून बघायच्या, जणू काचेवरही त्यांचा भरवसा नव्हता. कानामागे लाल मेणाची पेन्सिल. ज्या नमुन्याची शंका, त्याच्या ताटलीवर त्या लाल प्रश्नचिन्ह काढायच्या. पेन्सिल घरीही कानामागेच असायची, त्यामुळे घरातल्या साखरेच्या डब्यावर प्रश्नचिन्ह होतं, हळदीच्या बरणीवर होतं आणि कॅलेंडरवर पावसाचा अंदाज छापलेला असायचा त्याच्यापुढे तर दर महिन्याला होतं.

"बी दिसायला सगळंच चांगलं असतं, शोभा," त्या म्हणायच्या. "वलं केल्याबिगर कळत न्हाई." हे वाक्य त्या बियाण्याला लावायच्या, नव्या साहेबाला लावायच्या आणि लॅबमधल्या कुणाच्या बहिणीला स्थळ आलं तर त्या मुलालाही लावायच्या. तो मुलगा ओला कसा करायचा हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

दूधवाल्याची तर त्यांनी पार दैना केली होती. दुधात पाणी किती ते दाखवणारी काचेची नळी त्यांनी स्वतः आणून ठेवली होती. दूधवाला सायकल लावून उभा, बाई पातेल्यात नळी सोडून वाकून उभ्या, आणि नळी डुलायची थांबेपर्यंत दोघांनीही श्वास धरलेला.

"बाई, तुमच्या दारात यायचं म्हंजे परीक्षेला बसल्यावानी वाटतं," तो एकदा म्हणाला.

"मंग अभ्यास करून येत जा," बाई म्हणाल्या.

बाईंचा नवरा रेल्वेत गार्ड. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि सगळं असं लख्ख पुसलेलं, की बसायला संकोच वाटावा. आमचं घर तिथून चार घरांवर. ऑफिस सुटलं की आम्ही दोघी बरोबरच चालत यायचो. त्यांच्या दारापाशी त्या थांबायच्या, मला "येतीस का?" विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणायच्या, "न्हाई, घाई असंल तुला." मला वाटायचं, किती समजूतदार बाई. त्या माझ्यावर नकार द्यायची वेळच येऊ देत नव्हत्या, हे पुष्कळ उशिरा लक्षात आलं.

कॉफीचं वेड त्यांना एका लग्नात लागलं. कंपनीतल्या कुणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या कोपऱ्यात एक माणूस पितळी टाकीचं मशीन घेऊन उभा होता. टाकीतून नळी बाहेर आलेली, ती दुधाच्या मगात बुडवायची, फुस्स करून वाफ सोडायची आणि फेसाळलेल्या कॉफीवर कोकोची चिमूट टाकून कप पुढे करायचा. लोक जेवण सोडून रांगेत उभे. बाई त्या रांगेत तीनदा उभ्या राहिल्या. कॉफी एकदाच प्यायल्या. बाकी दोन्ही वेळा नुसतं बघत होत्या, मशीनकडे नाही, तर रांगेतल्या लोकांकडे.

दुसऱ्या आठवड्यात त्या मला घेऊन जुन्या जालन्यात मस्तगडला गेल्या. तिथे चाँदभाई स्टोव्ह आणि कुकर दुरुस्त करायचे. बाईंनी पिशवीतून कुकर काढला आणि झाकणावर शिटी बसते त्या तोंडावर बोट ठेवलं. इथून तांब्याची नळी निघाली पाहिजे, मध्ये बंद-चालू करायची तोटी पाहिजे आणि नळीचं टोक चेपून सुईएवढं भोक ठेवलं पाहिजे.

चाँदभाईंनी कुकर बघितला, बाईंना बघितलं, मला बघितलं.

"काय के वास्ते होना ये नली?"

"दुधासाठी."

"दूध में नली?" त्यांनी पाना खाली ठेवला. "बाई, सच्ची बोलो. मैं बाल-बच्चेवाला आदमी हूँ. कल को पुलिस आई तो मेरा नाम नक्को लेना."

"मी कुणाचंच नाव घेत न्हाई," बाई म्हणाल्या. "तुम्ही फकस्त तोटी बराबर बसवा. अन् मला आधी पाण्यावर चालवून दाखवा. तुमच्या बोलण्यावर न्हाई नेणार मी."

असा दोन्ही बाजूंनी पुरता अविश्वास ठेवून तो व्यवहार झाला, आणि म्हणूनच काम पक्कं झालं. अकरा वर्षांत ती तोटी कधी गळली नाही.

मग सुरू झाले प्रयोग. लॅबमध्ये वही ठेवतात तशी वही ठेवून; ती मी पुढे वाचली. म्हशीचं दूध, गाईचं दूध, सायीसकट, साय काढून, गरम, गार. पहिले पंधरा दिवस नुसते साबणासारखे बुडबुडे. मग हळूहळू त्यांना सापडत गेलं. दूध उकळून, साय काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून पुरतं गार करायचं. मगात निम्म्याच्या खाली घ्यायचं. तोटी उघडली की आधी वाफेतलं पाणी फडक्यावर जाऊ द्यायचं. मग नळीचं टोक दुधाच्या वरच्या थरात जेमतेम बुडवायचं. "ऐक," त्या म्हणायच्या. "दुकानदार मांजरपाटाचं कापड फाडतो तसा आवाज आला पायजे. किंचाळलं तर चुकलं." तो आवाज चार-पाच अंक मोजेपर्यंतच. नंतर टोक खोल घालून दुधाचा मग जरासा तिरका करायचा, म्हणजे दूध गरगर फिरायला लागतं आणि मोठे बुडबुडे आत ओढले जातात. तळहात मगाच्या बुडाशी. हात टिकेनासा झाला की तोटी बंद. नंतर दुधाचा मग ओट्यावर दोनदा आपटायचा आणि गोल फिरवत राहायचं. दूध ओल्या रंगासारखं चकाकायला लागलं की ते झालं.

पान मात्र त्यांनी ठरवून काढलं नव्हतं. एकदा खूप कडक कॉफीवर दूध ओतताना बाहेर गाडीची शिटी झाली, त्यांचं मनगट थरथरलं आणि कपात पांढऱ्या रेषा एकात एक सरकत गेल्या. शेवटी त्यांनी धार मधून ओढली, तर रेषांचं पान झालं. पिंपळाचं, देठासकट. त्या कपाकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. मग वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं, कारण एकदा झालं म्हणजे खरं नव्हे. पुढे ते रोज व्हायला लागलं, तरी प्रश्नचिन्ह काही त्यांनी खोडलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी दारापाशी त्या "घाई असंल तुला" म्हणायच्या थांबल्या. म्हणाल्या, "ये आज. जमलंय."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, मला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं. "नोकरीपुरतं ठीक हाय. तिच्या घरात काही घेऊ नको. उपास हाय म्हण." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हिवाळे आडनाव, भिंतीवरची तसबीर, एवढं पुरेसं होतं. सगळं आत्याबाईंवर ढकलणं सोपं आहे. पण कप माझ्या हातात होता आणि मी बावीस वर्षांची, शिकलेली होते.

त्यांनी कप पुढे ठेवला. पान असं रेखीव, की मी खरंच आश्चर्याने "अगं बाई!" म्हणाले. तेवढ्यात दारात गॅसवाला आला आणि त्या उठून गेल्या. समोर मोरी होती. मी चार पावलं गेले, कप उपडा केला, परत येऊन बसले. त्या आल्या तेव्हा पदराने तोंड पुसलं. "छान झाली, बाई."

त्यांनी कप उचलला, आत बघितलं, ओट्यावर ठेवला. "उद्या बी ये," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला नाही. बाई समोर बसून राहिल्या. मला पहिला घोट घ्यावा लागला, मग दुसरा मी आपणहून घेतला आणि तिसऱ्याला मला कालची कॉफी आठवून स्वतःचाच राग आला. दूध गोड लागत होतं, साखर न घालता. त्यानंतर मी रोज जायला लागले आणि रोज प्यायला लागले. आत्याबाईंना सांगायचे, ऑफिसात काम होतं. आणि रोज, मी कप ठेवला की बाई तो उचलून आत बघायच्या, मगच धुवायच्या. मला वाटलं, त्यांची एक सवय.

ती सवय काय आहे ते मला वर्षभराने कळलं. बाईंना बढती मिळाली म्हणून लॅबचे साहेब घरी आले. पान बघून त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, कप हातात घेऊन खिडकीपाशी गेले, बाहेरची बाग बघत उभे राहिले आणि रिकामा कप आणून ठेवला. "वा, हिवाळेबाई, वा!" ते गेल्यावर बाईंनी तो कप आणि माझा कप शेजारी शेजारी ठेवले.

"बघ. पिताना दर घोटाला फेस खाली उतरतो अन् कपाला रेघ ठिवून जातो. एक घोट, एक रेघ. तुझ्या कपात सहा हायेत, एकाखाली एक. अन् ह्या कपात?"

साहेबांच्या कपात रेघ नव्हती. एकाच अंगाला काठापर्यंत ओघळ होता.

"वतलेला कप असा दिसतो," बाई म्हणाल्या. "माझ्या दारात आलं की जालन्याच्या लोकांना एकादशी लागती. ज्यांना लागत न्हाई, ते हे असं करतेत."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी माझ्या कपातल्या रेघा परत मोजल्या. म्हणजे पहिल्या दिवशीच त्यांना कळलं होतं. तरी "उद्या बी ये" म्हणाल्या होत्या. का? मला पकडायला? मग वर्षभर रोज कपात बघत होत्या ते माझी परीक्षा म्हणून? मला रागही आला, गंमत म्हणजे. माणसाने एकदा चूक केली तर रोज त्याचा कप तपासायचा? त्या दिवशी बोलून टाकायला हवं होतं. मी नाही बोलले. रोज जात राहिले, पीत राहिले आणि रोज कप तपासून घेत राहिले. आमच्या दोघींमध्ये ती एक गोष्ट तशीच बसून राहिली.

तिला हलवलं हवालदाराने. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर दारात त्याची सायकल. आत तो उभा, कुकरच्या झाकणातून निघालेल्या तांब्याच्या नळीकडे बघत. नाक वर करून वास घेत होता.

"बाई, बोलणं कानावर आलंय. नळी लावून तुमच्या घरी रोज काहीतरी उकळून राह्यलेत म्हणं. रोज संध्याकाळी साडेपाचला."

हातभट्टीचा संशय! मला हसू फुटणार होतं, पण बाईंचा चेहरा बघून ते आतच जिरलं.

"साडेपाचला न्हाई, सव्वापाचला," बाई शांतपणे म्हणाल्या. "सांगणाऱ्याचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं हाय. बसा. दाखवते."

त्यांनी लॅबमध्ये नव्या माणसाला समजावतात तसं सगळं त्याला समजावलं. तोटी उघडली तसा तो दोन पावलं मागे सरला. पान उमटलं तेव्हा मात्र खाली वाकून बघायला लागला. "हे काय काडीनं काढलं?"

"काडी न्हाई, हात न्हाई. वाफ करती सगळं. घ्या."

हवालदाराने कपाकडे बघितलं, तसबिरीकडे बघितलं. "हिवाळे म्हंजे कुठले तुम्ही?"

"जालन्याचे."

"ड्यूटीवर मी काही घेत न्हाई," तो म्हणाला आणि निघून गेला. कप तसाच राहिला. पान हळूहळू विरत गेलं, वर साय धरली. बाई त्याच्याकडे बघत बसल्या आणि मी बाईंकडे. त्या दिवशी त्यांनी मला कॉफी विचारली नाही.

सोमवारी लॅबमध्ये गुंडाळ्या उलगडताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुमच्या घरचं घड्याळ किती पुढं असतं गं, शोभा?"

माझ्या हातातला कागद फाटला. आमच्या घरातलं घड्याळ आत्याबाईंनी मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे ठेवलेलं होतं, माझ्या नवऱ्याची गाडी चुकू नये म्हणून. हे मीच कधीतरी बाईंना हसत हसत सांगितलं होतं.

"मी न्हाई सांगितलं कुणाला काही, बाई."

"मी कुठं म्हणले तू सांगितलंस?" त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "घड्याळाचं इचारलं."

त्यानंतर आठ दिवस आम्ही बरोबर चालत आलो आणि आठही दिवस त्या दारापाशी म्हणाल्या, "न्हाई, घाई असंल तुला." त्या आठ दिवसांत मला कळलं की मला त्यांच्या कॉफीची नाही, त्यांनी मला आत बोलावण्याची सवय झाली होती. न केलेल्या गुन्ह्यात मी अडकले होते, आणि सुटायचं तर केलेला गुन्हा कबूल करावा लागणार होता. ज्या मुलीने कप मोरीत ओतून "छान झाली" म्हटलं, तिच्या "मी नाही" वर कोण विश्वास ठेवणार?

घरी आत्याबाईंना मी पहिल्यांदाच आवाज चढवून विचारलं. त्या गहू निवडत होत्या.

"मी कशाला तक्रार करू? नळावर हवालदाराची बायको आल्ती. तिला नुसतं इचारलं, साडेपाचला रोज ते फुस्स कशाचं होत असंल म्हणून. इचारायची बी चोरी झाली का?" मग डोळे बारीक करून, "पर तुला गं काय एवढं लागलं? तू जाऊन राह्यलीस का तिथं?"

"जाते," मी म्हटलं. "रोज जाते. कॉफी पिते."

त्या रात्री जेवताना माझ्याशी कुणी बोललं नाही. ते चालण्यासारखं होतं. सकाळी लॅब उघडायच्या आधीच मी जाऊन दारात उभी राहिले. बाई आल्या, कुलूप काढलं. मी त्यांच्या पाठीलाच बोलले, समोर बघून जमलं नसतं.

"बाई, आमच्या सासूबाई नळावर बोलल्या. घड्याळ आमचंच. आणि पहिल्या दिवशीची कॉफी मी मोरीत ओतली होती."

बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. पंखा लावला.

"म्हाईतंय," त्या म्हणाल्या. "मोरीच्या जाळीवर फेस बसल्ता. पान बिलकुल तसंच्या तसं, वाकडं झाल्तं जरासं. मी हातानं धुतलं."

मला रडू आलं. तोंड लपवायला मी गुंडाळ्या काढायला लागले.

"तुला सांगते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या लग्नात ते मशीन बघितलं ना, तिथं एक बी माणूस इचारत नव्हता की कुणाच्या हातची हाय म्हणून. मशीनची कॉफी म्हणून समदे पिऊन राह्यले व्हते. मला वाटलं, घरी केलं तर चालंल. माझा हातच लागत न्हाई ना दुधाला." मग त्या वळल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "रडून कागद जास्ती वला व्हतो. बी कुजतं. संध्याकाळी ये."

मी गेले. पान आलं, मी प्यायले, कप ठेवला. मला वाटलं, आता सगळं मोकळं झालं, आता त्या बघणार नाहीत. बाईंनी कप उचलला आणि आत बघितलं.

पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. माझी मुलगी झाली, तिच्या बारशाला बाई आल्या, पाळण्याची दोरी ओढून बघितली की गाठ पक्की आहे का. आत्याबाई त्यांच्याशी बोलायच्या, घड्याळ पुढेच ठेवायच्या आणि त्यांच्या दारात कधी गेल्या नाहीत. मी रोज गेले. कधीकधी वाटायचं, मी कॉफी पिते ते चवीसाठी की रेघांसाठी? मुद्दाम सावकाश, सारखे घोट घ्यायचे, रेघा नीट उमटाव्यात म्हणून. एकदा चिडून म्हणाले, "बाई, किती वर्षं बघणार?" त्या म्हणाल्या, "सवय हाय. तुझ्यासाठी न्हाई बघत." मी यावरही विश्वास ठेवला नाही. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढल्यावर माझ्यातही ते उतरलं होतंच.

मग हिवाळेभाऊंची नांदेडला बदली झाली आणि बाईंनी नोकरी सोडली. निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा होता. आत्याबाईंनी माझ्याबरोबर रव्याचे लाडू पाठवले. मी उत्साहाने पिशवी पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली, वरून दाबून बघितली.

"पिशवीत दिले व्हय," त्या म्हणाल्या.

डब्यात दिले असते तर डबा परत घ्यावा लागला असता. मला ते घरी सुचलं नव्हतं, त्यांना दारात सुचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एक लाडू काढला, निम्मा खाल्ला, म्हणाल्या, "बेलदोडा चांगला हाय," आणि निम्मा मला दिला.

घरात सगळं हललेलं होतं. ओट्यावर फक्त गॅस, कुकर, नळी, दुधाचा मग आणि एक कप. "कप समदे बांधले," बाई म्हणाल्या. "एकच राह्यलाय. नळ बी गेला. धुवायला पाणी न्हाई."

त्यांनी दूध केलं. तेच मांजरपाट फाडल्यासारखं, मग गप्प गरगरणं. पहिला कप त्यांनी स्वतः घेतला, ओट्याला टेकून संपवला. मग त्याच कपात, तसाच न धुता, कॉफी घातली, वरून दूध ओतलं. त्यांच्या घोटांच्या रेघा कपाला चिकटलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये माझं पान उमटलं. कप त्यांनी माझ्यापुढे धरला आणि हात बाजूला केला.

मी प्यायले. सहज प्यायले असं म्हणणार नाही. त्यांच्या ओठांच्या जागी माझे ओठ लागले तेव्हा धावड्याची, आत्याबाईंची, कोण जाणे कुणाकुणाची सगळी शिकवण घशाशी आली आणि कॉफीबरोबर खाली गेली. मग उरलेले घोट खरोखर सोपे गेले. प्यायले आणि नेहमीप्रमाणे कप त्यांच्यापुढे धरला, बघण्यासाठी.

बाईंनी बघितलं नाही. कप घेतला, "चल, उशीर झाला," म्हणाल्या आणि कुकर उचलून बाहेर पडल्या.

मी मागोमाग निघाले, आणि दारामागे ठेवलेली टोपली मला दिसली. टोपलीत, वर कागदसुद्धा न टाकलेले, पाच कप होते. शेजारी पाण्याने भरलेली कळशी. म्हणजे कप बांधलेले नव्हते आणि पाणीही होतं! इतक्या वर्षांनी, घर रिकामं करून, टेम्पो दारात उभा असताना बाईंनी माझी उगवण तपासली होती. मी तिथेच उभी राहून हसले. आणि हसता हसता मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की टोपली उचलताना कप खुळखुळ वाजले.

"सांभाळून," बाई बाहेरून ओरडल्या. "फुटतील."

म्हणजे मला ती टोपली दिसावी हेही त्यांनी धरलेलं होतं.

टेम्पोत त्या पुढे बसल्या, मांडीवर कुकर, कुकरात फडक्यात गुंडाळलेली नळी, आणि तो एक कप अजून हातात. ड्रायव्हरला त्यांनी ब्रेक लागतात का ते विचारलं. त्याने "बिलकुल लागतेत" म्हटल्यावर एकदा लावून दाखवायला लावले. मग टेम्पो निघाला. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, त्यांचे हात गुंतलेले होते.

वळणावर टेम्पो जरा मंदावला. मला काचेतून दिसलं, बाईंनी चष्मा खाली ओढला, कप उजेडाकडे धरला आणि चष्म्यावरून आत बघितलं. पुष्कळ वेळ बघत होत्या. आत दोघींच्या रेघा होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. कुठली कुणाची, हे बाईंनासुद्धा सांगता आलं नसतं.